कोरफड, निवडुंग वगैरे मांसल झाडांवरील कीड व तिचा बंदोबस्त

शेतकऱ्याची नजर शिवारावर असते, आणि ती तेथेंच असावी हें रास्तहि आहे. कपाशीच्या बोंडांत अळी शिरली किंवा तुरीच्या शेंगा पोखरल्या जाऊं लागल्या म्हणजे त्याला रात्रीं झोंप येत नाहीं. परंतु ओसरीच्या कठड्यावर, तुळशीवृंदावनाच्या बाजूस किंवा गच्चीवर ठेवलेल्या चार कुंड्यांकडे तो सहसा वांकून पाहत नाहीं. तें काम घरांतील बायकामुलांचें, अशी त्याची समजूत असते. अलीकडे मात्र खेड्यांतील घरींहि या कुंड्यांची संख्या वाढली आहे. कोरफड व पानफुटी हीं औषधी म्हणून पूर्वींपासून होतींच. आतां तालुक्याच्या रोपवाटिकांतून नाना तऱ्हेचे निवडुंग, अडेनियम आणि जाड पानांचीं दुसरीं झाडें, ज्यांना शहरांत ‘सक्युलंट’ म्हणतात, तीं हौसेनें आणलीं जातात. झाडाबरोबर पुष्कळ वेळां कीडहि घरीं येते. तिचा बंदोबस्त कसा करावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कित्येकांस वाटेल. आमचें मत तसें नाहीं, आणि त्यास दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, घरांतील झाडावर कीड दिसली कीं शेतासाठीं आणलेली औषधाची बाटली तशीच घरांत उघडली जाते. ती कीड मारण्यापेक्षां माणसास अपाय करण्याचा संभव अधिक. दुसरें असें कीं, कुंडी कोणती, बांध कोणता व गट नंबर कोणता हें किडीला कळत नाहीं. आज ओसरीवर पोसलेली कीड उद्यां बागेंत जाऊं शकते. म्हणून कुंडींतील कीड हातानें, पाण्यानें व साबणानें वेळींच आटोक्यांत आणावी, तेथें शेतांतील विष वापरूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.

मांसल झाडाची प्रकृति

हीं झाडें आपल्या पानांत किंवा खोडांत पाण्याचा सांठा करून ठेवतात. त्यामुळें कीड रस शोषूं लागली तरी झाड लगेच कोमेजत नाहीं. भाजीपाल्याचें रोप दोन दिवसांत मान टाकतें; कोरफड दोन-दोन महिने उभी राहते आणि धन्याला वाटतें कीं सर्व ठीक आहे. शिवाय पानांची दाटी असल्यामुळें बेचक्यांत व बुडाशीं किडीला लपावयास उत्तम जागा मिळते. हा झाला या झाडांचा दोष.

परंतु त्यांच्यांत एक मोठा गुणहि आहे. मातींतून उपटून, मुळें धुवून, सावलींत आठ दिवस कोरडें ठेवलें तरी हें झाड मरत नाहीं. आणि बहुतेकांचा निरोगी तुकडा किंवा बाजूचा फुटवा पुन्हां लावला म्हणजे मूळ धरतो. वांग्याच्या किंवा मिरचीच्या झाडाला असा उपाय करतां येत नाहीं. या गुणाचा फायदा कसा घ्यावा तें पुढें सांगितलें आहे.

किडीची ओळख

औषधाच्या आधीं निदान करावें. या झाडांवर मुख्यतः पुढील किडी पडतात.

पिठ्या ढेकूण. यालाच बहुतेक शेतकरी आतां मिलीबग म्हणतात. अंग मऊ, चपटें, वर पिठासारखा मेणचट थर. पानांच्या बेचक्यांत कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे दिसतात. बहुतेक जातींत मादी या कापसांतच शेंकडों अंडीं घालते. अंड्यांतून निघालेलीं पिलें फार बारीक व चपळ असतात आणि तींच वारा, मुंग्या, कपडे व आपले हात यांच्या मदतीनें एका कुंडींतून दुसरींत जातात. मोठी मादी फारशी हलत नाहीं. किडीच्या अंगांतून जो गोड चिकटा पाझरतो, त्यावर पुढें काजळीसारखी काळी बुरशी चढते. संत्र्याच्या बागाइतदारांस ही कोळशी परिचयाची आहे.

मुळांवरील पिठ्या. ही जात मातीखालीं असल्यामुळें नजरेस पडत नाहीं. पाणी देऊनहि झाड वाढत नसेल, पानें सुरकुतत असतील, तर झाड अलगद कुंडींतून काढून पाहावें. मुळांवर व कुंडीच्या आंतल्या अंगास पांढरी भुकटी दिसेल. ती क्षाराची आहे कीं किडीची, हें ओळखण्यास टांचणीनें चिरडून पाहावें. क्षार खडखडीत लागतो, कीड ओलसर पसरते.

खवले कीड. ही तर कीड आहे असेंच पुष्कळांस वाटत नाहीं. निवडुंगाच्या अंगावर पांढुरके किंवा तपकिरी बारीक ठिपके एकास एक लागून बसलेले असतात. नखानें खरवडले कीं खवला निघतो आणि खालीं जीव सांपडतो.

मावा. हा बहुधा फुलांच्या दांड्यावर व कोंवळ्या शेंड्यावर येतो. ज्वारी-करडईवरचा मावा ज्यानें पाहिला आहे त्याला हा वेगळा सांगावा लागत नाहीं.

कोळी. हा कीटक नव्हे. याला आठ पाय असतात. कोरड्या, गरम हवेंत याचा जोर होतो. निवडुंगाच्या शेंड्याकडे गंजासारखा तांबूस रंग चढतो व भिंगांतून बारीक जाळें दिसतें. कीटकांवरचीं कित्येक औषधें याला लागू पडत नाहींत, हें लक्षांत ठेवावें.

यांखेरीज सदा ओल्या मातींत बारीक काळीं चिलटें होतात. त्यांना औषध एकच, आणि तें म्हणजे पाणी तोडणें.

लाल रंगाची कीड व तिचा इतिहास

कुंडींतील फड्या निवडुंगावर कापसाचा पुंजका दिसला आणि तो चिरडतांच बोटाला रक्तासारखा गर्द लाल रंग लागला, तर ती साधी पिठ्या नव्हे. ती कोचिनील होय. या किडीचा इतिहास शेतकऱ्यानें अवश्य जाणावा, कारण तो आपल्याच देशांत घडलेला आहे.

मेक्सिको देशांत कोचिनीलच्या एका जातीपासून मौल्यवान किरमिजी रंग काढीत असत. हा रंग हिंदुस्थानांत तयार व्हावा अशी ईस्ट इंडिया कंपनीची फार इच्छा होती. सन १७९५ सालीं ब्राझील देशाहून बंगाल प्रांतांत जी कीड आणली गेली, ती मात्र रंगाची उत्तम जात नसून दुसरीच निघाली. तिचा रंग हलक्या प्रतीचा ठरला; पण तिनें एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडण्यास आरंभ केला. हा गुण लक्षांत आल्यावर सन १८३६ ते १८३८ च्या दरम्यान ती मुद्दाम दक्षिण भारतांत नेण्यांत आली. परदेशांतून आलेल्या तणाचा नाश करण्यासाठीं कीटक योजण्याचीं जीं अगदीं पहिलीं उदाहरणें जगांत सांगितलीं जातात, त्यांत हें एक होय.

परंतु निवडुंगाच्या दुसऱ्या जातीस ही कीड शिवेना. बांधांवर, गायरानांत व गांवकुसाजवळ माजलेला कांटेरी निवडुंग तसाच राहिला. पुढें सन १९२६ मध्यें सिलोनमधून, म्हणजे हल्लींच्या श्रीलंकेंतून, कोचिनीलची दुसरी जात दक्षिण भारतांत आणली गेली आणि तिनें तोहि निवडुंग झपाट्यानें हटविला. ज्या कामीं कोयता व कुदळ हरली तें काम एका मऊ, चिमुकल्या किडीनें केलें.

आतां या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. हल्लीं कोरडवाहू भागांत चाऱ्यासाठीं बिनकांट्याचा निवडुंग लावण्याचे प्रयोग चालू आहेत. पाणी थोडें, जमीन हलकी, आणि उन्हाळ्यांत जनावरांच्या तोंडीं हिरवें, अशी ही सोय आहे. पण ज्या किडीनें पूर्वीं आपलें शेत मोकळें केलें, तीच येथें शत्रु ठरते. आफ्रिकेच्या उत्तर टोंकास मोरोक्को देशांत फड्या निवडुंगाचीं फळें व चारा यांवर पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तेथें सन २०१४ सालीं ही कीड प्रथम आढळली आणि थोड्याच वर्षांत निवडुंगाचीं कुंपणें व मळे मोठ्या प्रमाणावर वाळून गेले. ब्राझीलच्या दुष्काळी भागांतहि चाऱ्याच्या निवडुंगावर हिनें असाच घाला घातला आहे. तेव्हां ज्यांनीं चाऱ्याचा निवडुंग लावला आहे किंवा लावण्याचें योजिलें आहे, त्यांनीं घरच्या कुंडींतील लाल रंगाची कीड एक दिवसहि ठेवूं नये. तें पान कापून पिशवींत बंद करावें व जाळावें किंवा खोल पुरावें.

पिठ्या ढेकणाचीहि तीच कथा. अमेरिकेंतून आलेली कपाशीवरील पिठ्याची जात सन २००५ नंतर गुजरात, पंजाब वगैरे भागांत पसरली. ती कपाशीइतक्याच आवडीनें जास्वंदीवर व घोळीसारख्या मांसल तणावर राहते. पपईवरील पिठ्या सन २००८ मध्यें कोइमतूरकडे प्रथम दिसला, आणि तोहि अंगणांतील जास्वंद, चाफा यांवर आनंदानें पोसला जातो. कुंडींतील प्रत्येक पिठ्या शेतांत जातोच असें नाहीं. कित्येक जाती फक्त निवडुंगावरच जगतात. परंतु कोणती जात कोणती, हें साध्या डोळ्यांना कळत नाहीं. म्हणून द्राक्षें, सीताफळ, पपई किंवा कपाशी ज्यांच्या दाराशीं आहे, त्यांनीं सर्वच पिठ्या संशयित मानावेत हें बरें.

बंदोबस्ताचा क्रम

महसूल खात्यांत कारकुनी करतांना आम्ही एक गोष्ट शिकलों. थकबाकीदारावर एकदम जप्ती नेत नाहींत. आधीं मागणीची नोटीस, मग पुढची पायरी. किडीच्या बाबतींतहि पायऱ्या ओळीनें चढाव्या. बहुतेक प्रसंगीं शेवटच्या पायरीपर्यंत जाण्याचें कारणच पडत नाहीं.

पहिली पायरी, निराळें ठेवणें. नवीन आणलेली कुंडी तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावी. या अवधींत अंड्यांतून पिलें निघालीं तर दृष्टीस पडतात. जुन्या कुंडींत कीड दिसली तर तीहि त्याच क्षणीं बाजूला काढावी आणि तिला वापरलेलें खुरपें धुतल्यावांचून दुसऱ्या कुंडींत घालूं नये.

दुसरी पायरी, मुंग्यांचा रस्ता तोडणें. गोड चिकट्यासाठीं मुंग्या पिठ्याची व माव्याची गुरांसारखी राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकीटकांस हांकून लावतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर ती फिर्याद समजावी. दुधाच्या कपाटाचे पाय जसे पाण्याच्या वाट्यांत ठेवतात, तसेच कुंडीच्या तिवईचे ठेवावे. मात्र वाटींतील पाणी आठवड्यांतून एकदां ओतून वाटी घासावी. नाहीं तर मुंगी जाईल आणि डेंग्यूचा डांस येईल. पाण्याऐवजीं तिवईच्या पायांस वंगणाचा पट्टा लावला तरी चालतो.

तिसरी पायरी, हातानें काढणें. कीड थोडी असतांना याच्यासारखा उपाय नाहीं. काडीच्या टोंकाला कापूस गुंडाळून तो दवाखान्यांत मिळणाऱ्या स्पिरिटांत भिजवावा आणि एकेका पुंजक्याला टेकवावा. मेणचट थर विरघळून कीड जागच्या जागीं मरते. स्पिरिट लगेच पेट घेतें, म्हणून हें काम चुलीपासून, देवाच्या दिव्यापासून व विडीपासून दूर करावें. खवले किडीसाठीं दांत घासण्याचा जुना मऊ ब्रश साबणाच्या पाण्यांत बुडवून अलगद घासावें.

चौथी पायरी, साबणाचें पाणी. एक लिटर पाण्यांत चहाचा एक चमचा साधा पातळ साबण मिसळून बेचक्यांपर्यंत पोंचेल असा फवारा द्यावा. पाणी किडीच्या अंगाला प्रत्यक्ष लागलें तरच उपयोग. पानाला लागून राहिलेल्या साबणाचा कांहीं परिणाम नाहीं. निंबोळी तेल वापरावयाचें असल्यास लिटरास तितकेंच, म्हणजे एक चमचा, घेऊन थोड्या साबणांत घोळवावें. कोणताहि फवारा संध्याकाळीं, सावलींत द्यावा. उन्हांत दिल्यास पानें भाजतात. आधीं एकाच पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. ज्या झाडांच्या पानांवर राखेसारखी पांढरी झांक असते त्यांवर साबण व तेल वापरूं नये. ती झांक म्हणजे उन्हापासून बचाव करणारें मेण आहे आणि पुसल्यावर त्या पानावर परत येत नाहीं. अशा झाडांना काडी-कापसाचाच उपाय करावा, तोहि किडीपुरता.

हा फवारा एकदां देऊन थांबूं नये. कापसांत गुंडाळलेल्या अंड्यांपर्यंत औषध पोंचत नाहीं, आणि तीं फुटलीं म्हणजे पुन्हां पहिले पाढे. दर आठ दिवसांनीं तीन-चार वेळां तेंच काम करावें. आमच्या पाहण्यांत ज्यांना अपयश आलें त्यांतील बहुतेकांनीं एकच फवारा देऊन समाधान मानलें होतें.

पांचवी पायरी, मुळांची धुलाई. मुळांवर पिठ्या असेल तर झाड उपटून सर्व माती झटकावी, मुळें साबणाच्या व मग स्वच्छ पाण्यानें धुवावीं, सडकीं मुळें कापावीं आणि झाड सावलींत चार ते आठ दिवस सुकूं द्यावें. ती माती खताच्या खड्ड्यांत अथवा शेतांत टाकूं नये. दूर खोल पुरावी. कुंडी उकळत्या पाण्यानें धुवून उन्हांत वाळवावी. नवीन मातींत भरपूर जाडी वाळू व विटांचा बारीक चुरा घालावा, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी देऊं नये. झाड फारच गेलें असेल तर निरोगी फुटवा तेवढा राखावा व बाकी जाळून टाकावें.

एक सूचना विसरूं नये. त्रिधारी निवडुंग, शेर वगैरे झाडांचा पांढरा चीक डोळ्यांस फार अपायकारक आहे, आणि अडेनियमचा रसहि विषारी आहे. अशीं झाडें हाताळतांना हातमोजे घालावे व हात धुतल्याखेरीज डोळ्यांस लावूं नये.

शेतांतील विष घरांत नको

आतां विषाविषयीं. सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले आणि वीसावर माणसें दगावलीं. तें तर उघड्या शेतांत घडलें. मग चार भिंतींच्या आंत, जेथें मूल रांगतें व पाण्याचा माठ असतो, तेथें तेंच विष शिंपडणें कितपत शहाणपणाचें आहे, याचा विचार प्रत्येकानें करावा.

कोरफडीच्या बाबतींत धोका आणखी मोठा आहे. इमिडाक्लोप्रिडसारखीं आंतरप्रवाही औषधें झाडाच्या रसांत भिनतात. त्यांचें सामर्थ्यच त्यांत आहे. आणि कोरफडीचा रस आपण भाजल्यावर लावतों, केसांस लावतों, कित्येक घरीं पोटांतहि घेतात. पानावरचें विष एक वेळ धुतां येईल, गरांतलें कसें धुणार? विषाचें द्रावण सोडा-सरबताच्या रिकाम्या बाटलींत भरून ठेवण्याची चाल तर तात्काळ बंद झाली पाहिजे. चाळीस-पन्नास रुपयांच्या झाडासाठीं घरच्या माणसाचा जीव टांगणीस लावणें हा हिशेब कोणत्याहि खातेवहींत बसत नाहीं.

मित्र ओळखावा

ज्यांच्या कुंड्या बागेजवळ उघड्यावर आहेत त्यांनीं एक काळजी घ्यावी. पिठ्याला खाणारा एक भुंगेरा आहे; त्याचें नांव क्रिप्टोलीमस. कॉफीवरील खवले किडीसाठीं सन १८९८ मध्यें तो ऑस्ट्रेलियाहून भारतांत आणला गेला, आणि द्राक्षबागाइतदार आज त्याला चांगले ओळखतात. त्याची अळी पांढऱ्या मेणचट झालरीची असते, व अगदीं पिठ्यासारखीच दिसते. ओळखीचा फरक असा कीं, ती पिठ्याहून मोठी असते, चपळ चालते, आणि चिरडलेल्या पिठ्याच्या कापसांत तोंड खुपसून बसलेली आढळते. अशी अळी दिसली तर हात आंवरावा व त्या झाडावर फवारा देऊं नये. पपईच्या पिठ्याचा खरा बंदोबस्तहि सन २०१० मध्यें परदेशांतून आणून सोडलेल्या चिमुकल्या परोपजीवी माश्यांनींच केला. विषानें तो झाला नव्हता.

शेवटीं, कीड पडूं नये म्हणून दोन गोष्टी. या झाडांना माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी द्यावें, आणि नत्रयुक्त खत जपून घालावें. दररोज पाणी व वारंवार युरिया यांनीं पानें टम्म फुगून दिसतात खरीं, पण तें लुसलुशीत अंग किडीला आमंत्रण असतें. ऊन व मोकळी हवा मिळालेलें काटक झाड किडीला सहज दाद देत नाहीं.

शेतकरी बंधूंनीं आठवड्यांतून एक दिवस, शिवारांत जाण्यापूर्वीं, दहा मिनिटें या कुंड्यांस द्यावीं. पान उचलून बुडाशीं पाहावें आणि कीड दिसलेली तारीख व केलेला उपाय एका वहींत लिहून ठेवावा, म्हणजे पुढचा फवारा केव्हां द्यावयाचा हें विसरणार नाहीं. घरांतील मुलांना ही पाहणी करावयास लावल्यास आणखी चांगलें. ओसरीवर पिठ्या ओळखावयास शिकलेला मुलगा द्राक्षाच्या किंवा कपाशीच्या ओळींत तो आपल्याआधीं ओळखील.